आवाजाचा पल्ला

सप्टेंबरात गिऱ्हाईक कमी.
उन्हाळी घरांना कुलपं लागतात,
हेलसिंकीचे लोक हेलसिंकीला जातात,
दुकानात उरतो मी, ग्रीसचा वास,
आणि बाराही महिने बेटांवर राहणारे
तीस-पस्तीस हट्टी जीव.

सिगब्रित आली पेट्रोलचा रिकामा डबा घेऊन.
वय एकाहत्तर. डिंगी साडेतीन मीटरची,
मोटार चार घोड्यांची, टू-स्ट्रोक,
सहाव्या झटक्याला जागी होणारी.
"खांदा गेला," म्हणाली. "दोरीनं नेला."

मी नेहमीचं सुरू केलं.
बॅटरीवाली घ्या. बटण दाबलं की चालू.
धूर नाही, तेल मिसळणं नाही,
कार्ब्युरेटरची मनधरणी नाही.
बॅटरी सुटी निघते, काखेत मारून खडक चढता येतो.
पल्ला? हळू गेलात तर वीस किलोमीटर,
घाई केलीत तर सहा,
आणि थंडीत त्यातलेही थोडे समुद्राला.
मी खोटं सांगत नाही.
इथे खोटं बोलणाऱ्या दुकानदाराला
त्याच गिऱ्हाइकाला रात्री ओढून आणावं लागतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.
"आणि आवाज?"

इथे माझी कळी खुलते; सगळे हेच विचारतात.
"नाहीच म्हणा ना. शिवणयंत्राएवढा."
"तसं नव्हे. किती लांब जातो?"

कॅटलॉगात हा रकाना नाही.

मग कळलं: राग्नवाल्ड, तिचा दीर,
पलीकडच्या बेटावर एकटा.
दर गुरुवारी ती त्याचं टपाल नेते, राईचा पाव नेते.
तिची मोटार भूशिराशी खोकली
की तो कॉफी चढवतो.
वारा दक्षिणेचा असला तर कॉफी तयार,
उत्तरेचा असला तर दहा मिनिटं बसावं लागतं.
नवरा गेल्यापासून एकही गुरुवार चुकला नाही.

"आठवडाभर वापरून बघा," मी म्हणालो.
ही माझी जुनी युक्ती. नेलेली वस्तू सहसा परत येत नाही.

ही आली.

"मोटार चांगली आहे," तिनं काउंटरवर बॅटरी ठेवली.
"बदकं जागची हलली नाहीत.
तळाखालचं पाणी ऐकलं, कित्येक वर्षांनी.
आणि राग्नवाल्डलाही ऐकलं.
धक्क्यावर पाठमोरा बसून
रिकाम्या खुर्चीला सांगत होता:
सिगब्रित, मी तुर्कूला मुलीकडे चाललोय. घर विकतोय.
चार वेळा म्हणाला, दर वेळी शब्द बदलून.
तिसऱ्यांदा बरं जमलं होतं."

मी स्क्रू मोजल्यासारखं केलं.

"तुझ्या मोटारीला उलटं जाता येतं, ते उपयोगी पडलं.
भूशिरामागे गेले. वल्हं पाणी उपसायच्या डब्यावर बडवलं,
सीलांना चार शिव्या घातल्या,
आणि पुन्हा आले.
कॉफी तयार होती."

"मग? बोलला?"
"पर्च माशांबद्दल. यंदा बारीक आहेत म्हणे."

जुन्या मोटारीला मी नवा स्पार्क प्लग बसवला,
दोरीला लांब मूठ लावली,
आता दुसऱ्या झटक्याला उठते.
कार्ब्युरेटर उघडणार, तेवढ्यात तिनं हात धरला.
"खोकला राहू दे."

बॅटरीवालीचे अर्धे पैसे तिनं मोजून दिले.
मी वहीत लिहिलं:
इलेक्ट्रिक, एक नग, राखीव. नाव सिगब्रित.
न्यायची तारीख
तिनं मला लिहू दिली नाही.